भात दुपारीच खातात

मंगळवारी फोन आला : रविवारी येतोय, तुलूझहून, तिघी.
कोन्सोल आत्या, तिची सून,
आणि नात मायेल, जी ससा खात नाही.
"चांगली पाएया कुठे मिळते रे हल्ली?"
जणू व्हॅलेन्सियात राहून मी तेवढंच करतो.

मी डेपोत बसचे ब्रेक दुरुस्त करतो.
भात घरीच व्हायचा, रविवारी, मागच्या अंगणात.
वडील संत्र्याची वाळकी लाकडं रचायचे,
कुणाला हात लावू द्यायचे नाहीत,
विस्तवावर फुंकर घालायची तरी परवानगी लागायची.
आता ती पसरट कढई गॅरेजच्या भिंतीला टांगलेली,
तिच्यात एका कोळ्याने संसार थाटलाय.

डेपोत विचारलं. चार माणसं, सहा मतं.
रेमेई म्हणाली, दारात भाताचा फोटो लावलाय तिथे पाऊल टाकू नकोस.
शिमो म्हणाला, रात्री देतात तेही नको,
भात दुपारीच खातात, रात्री फक्त पाहुणे खातात.
"पण पाहुणेच येतायत," मी म्हटलं.
त्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी पाना उचलून बसखाली शिरलो.

शेवटी एल पाल्मार, तळ्याकाठचं गाव,
कापणी झालेल्या खाचरांत बगळे,
आणि फेर्मी, जो आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय चूल पेटवत नाही.
"किती जण?"
"चार. एकीला ससा चालत नाही."
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
"ती शेंगा खाईल," फेर्मी म्हणाला, आणि फोन ठेवला.

कढई मधोमध आली. लाकडी चमचे.
ज्याने त्याने आपल्या काठाकडून मधे खात जायचं,
शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही.
सुनेने ताट मागितलं.
वाढणाऱ्या पोराने आणलं, पण दोन बोटांत धरून,
मेलेलं काहीतरी उचलावं तसं.

आत्याने पहिला घास घेतला.
शितावरून भाताची परीक्षा करायला
ती बासष्ट साली सोडून गेलेल्या गावात परत आली होती,
आणि आम्ही तिचा जबडा हलताना बघत होतो,
दारातून फेर्मीसुद्धा.

"आमच्यात ससा नसायचा," ती म्हणाली.
"ससे विकायचो आम्ही.
भातात उंदीर असायचे. घरातले नव्हेत रे, पाण्यातले, खाचरातले.
तुझा आजा बांधावर पकडायचा,
आणि तुझा बाप शेपट्या मोजायचा,
कुणाला किती आले, त्यावरून मारामारी."

माझा बाप.
ज्याने माझ्या बायकोच्या भातात एकदा मटार पाहिले
आणि टोपी घालून घराबाहेर पडला.
ससा आणि कोंबडी, बाकी सगळं पाखंड,
असं चाळीस वर्षं जो कढईवर उभा राहून सांगत आला,
त्याने शेपट्यांचा शब्द कधी काढला नाही.

मायेलने चमचा खाली ठेवला होता.
मग हळूच विचारलं, फ्रेंचमध्ये, चव कशी असते.
"लुसलुशीत," आत्या म्हणाली. "सशापेक्षा बरी."
पोरगी विचारात पडली, आणि एक शेंग खाल्ली,
मग शेंगेशेजारचा, रसात भिजलेला, सशाला लागून असलेला भात.
कुणी काही बोललं नाही. सुनेने पाणी ओतलं.

तळाशी खरपूड धरली होती, काळसर, चिवट.
आत्या उठून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी खरवडू लागली;
शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.
निघालेला मोठा तुकडा तिने माझ्या काठावर सरकवला.
"घे. हा नेहमी हाच मागायचा."
कोण, ते तिने सांगितलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलंच :
"चांगली होती ना?"
काचेबाहेर पेटलेलं काड, धूर, संध्याकाळ.
"मीठ कमी होतं," ती म्हणाली,
आणि सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

रात्री गॅरेजमध्ये गेलो. दिवा लावला.
कढई खाली काढली नाही,
फक्त तिच्या तळाला नख लावून पाहिलं.