अकरा हजार, परत मिळणारे

बुकिंगचा फॉर्म तीन दिवसांपासून वर्कशॉपच्या खिळ्याला टोचलेला,
वीजबिल आणि पत्र्याच्या पावतीच्या मध्ये.
रंगाच्या रकान्यात 'पांढरा' लिहिलं, खोडलं,
पुन्हा 'पांढरा'च लिहिलं.
सहीची जागा कोरी.

छोटा पिकअप, हायब्रीड.
मागे डेझर्ट कूलर चार उभे बसतात,
आडवे टाकले तर सहा. टेप लावून मोजलं मी,
शोरूमचा पोरगा निनाद बघतच राहिला:
काका, लोक आधी मायलेज विचारतात.

तेही विचारलं.
लिटरला चोवीस म्हणाला, सिग्नलला इंजिन आपोआप बंद.
म्हणजे सक्करदऱ्यापासून सीताबर्डीपर्यंत
माझं जे पेट्रोल उभ्याउभ्या जळतं, ते वाचणार.
मग मी त्याला आमच्या गावाचा प्रश्न घातला:
मे महिन्यात, सत्तेचाळीसमध्ये, तुझी बॅटरी काय करते?
सीटखाली तिचा वेगळा पंखा आहे, काका.
हसू आलं मला.
म्हणजे कूलर बसवूनच देता की.

पण आज पैसे भरले तर गाडी नोव्हेंबरात.
नोव्हेंबरात नागपूर कूलरच्या ताट्या काढून
माळ्यावर फेकतं, टाकीत कांदे ठेवतं.
चार महिने गाडी माझ्या दारात उभी राहील
आणि हप्ता तेवढा धावेल.
कुंदाने कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला,
एकोणीस हजार दोनशे, मार्च ते जून निभतं.
पुढं?
पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली,
मंग तुम्हीच व्हा ना हायब्रीड,
अर्धे कूलरवाले, अर्धे गिझरवाले.

ती गंमत करत होती का, अजून कळलेलं नाही.

खरं सांगू, अडलंय ते पैशावर नाही फक्त.
टेस्ट ड्राइव्हला बटण दाबलं, काहीच झालं नाही.
सुरू कर ना बाबा, म्हटलं.
सुरू आहे, काका.
माझा बाप मागावर बसायचा, शेजारच्या मागाचा धोटा
अडखळला तर जागेवरून सांगायचा, पाराते, तुमचा तार तुटला.
मी मोटार कानाने ओळखतो, बुश गेलंय की बेअरिंग.
मोमीनपुऱ्यातले जब्बारभाई तर स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
माझ्या जुन्या गाडीची नाडी बघतात.
ही गाडी आजारी पडली तर मला कोण सांगेल?
स्क्रीनवर येतं, काका.

काल रात्री साडेदहाला मानेवाड्याला डिलिव्हरी टाकून परत येत होतो.
मेडिकल चौकात लाल दिवा, एकशे दहा सेकंद.
पायाशी पत्र्याला भोक आहे, त्यातून डांबराची वाफ येत होती.
काय वाटलं कोण जाणे, मी चावी फिरवली, इंजिन बंद केलं.
दहा वर्षांत पहिल्यांदा त्या चौकात
मी काही ऐकलं.
चहावाल्याची पातेली. मेडिकलच्या फाटकाशी
झोपेतल्या कुणाचा खोकला.
आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत,
हिरवा कूलर, बारीक किरकिरणारा.
माझाच. तीन वर्षांपूर्वीचा. बेअरिंग.
अजून महिनाभर काढेल, फार तर.

दिवा हिरवा झाला. गाडी पहिल्या सेल्फला उठली नाही,
दुसऱ्याही नाही. मागच्या ऑटोवाल्याने
माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.
तिसऱ्याला ती खोकत, थरथरत उठली,
आणि खिडकीतली किरकिर तिच्या आवाजात बुडाली.

सकाळी खिळ्यावरून हाताला लागेल तो कागद ओढला,
मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
मेडिकल चौक, दुसरा मजला, हिरवा, बेअरिंग, सांगून येणे.
उलटून बघितलं तर फॉर्म.

आता तो शोरूममध्ये द्यायचा झाला
तर आधी हे दुसरीकडे उतरवून घ्यायला लागेल.
पेन शोधतोय.