ठेव

डुलुथ गावात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची पतपेढी.
पायरीवर मीठ टाकलेलं,
पायपुसण्यावर वितळल्या बर्फाचं डबकं.
व्हर्ना निस्कानेन आत आली, पण बसली नाही,
हातमोजेही काढले नाहीत.
"आधी सांग," म्हणाली, "माझा रिपोर्ट काढणार का?"

सहा वर्षं मी या काउंटरमागे आहे.
लोक व्याजाचा दर विचारतात,
फुकटचं कॅलेंडर मागतात.
हिनं विचारलं ते
सुई बघून डॉक्टरला विचारावं तसं.

सहाशे चौऱ्याण्णव.
आकडा तिनंच सांगितला, मी विचारलाही नव्हता,
वाढत्या लेकराची उंची सांगावी तसा.
रेनो गेल्यावरही वर्षभर दवाखान्याची बिलं येत राहिली,
त्याच्या नावानं, मग तिच्या नावानं.
एका पहाटे गाडी उचलून नेली,
सीटवर तिचा डबा तसाच.
कागदावरचा डाग सात वर्षं राहतो.
सातवं नोव्हेंबरात सरलं.

पाकिटात चार हजार दोनशे दहा डॉलर.
रेनोची तळ्यावरची मासेमारीची झोपडी विकली,
बर्फाला भोक पाडायचं गिरमिटसुद्धा.

"तुम्ही ठेवायला आलात," मी म्हणालो,
"ठेवणाऱ्याला इथं कुणी नावं ठेवत नाही.
तुम्ही तुम्हीच आहात ना, एवढं बघतो,
आणि दुसऱ्या बँकेचं काही बुडवून आला नाहीत ना.
खिडकीतून डोकावल्यासारखं,
दार न वाजवता.
काही ठिकाणी मात्र वाजवतात.
म्हणून आधी विचारलंत ते बरं केलंत."

तेव्हा कुठे ती बसली.
चष्मा लावून प्रत्येक ओळ
तांदळातले खडे बघावेत तशी वाचू लागली.

दुसऱ्या पानाच्या तळाशी एक चौकोन आहे.
पैसे कमी पडले तर जादा उचल हवी का?
त्यावर बरोबरची खूण करून घ्यायची, असं वरून सांगणं आहे.
त्या महिन्यात मला तीन खुणा कमी होत्या.
तिचं बोट तिथं येऊन थांबलं.
"आणि हे?"

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं.
मी म्हणालो असतो, सगळेच करतात.
मी अकरा जणांना तेच म्हणालो होतो.

"ते कर्ज आहे," मी म्हणालो.
"त्याला मात्र दार वाजवावं लागतं."

तिनं चौकोनावर काट मारली,
इतकी दाबून की पेनाचं टोक
खालच्या कागदात उतरलं.

मग मुदत ठेवी.
एकच करा, दर बरा आहे, असं मी म्हणणार होतो,
तर तिनं टेबलावर बोटानं तीन रेघा ओढल्या :
सहा महिने, बारा महिने, अठरा महिने.
"चार इंच बर्फ माणूस पेलतो," म्हणाली,
"ट्रक न्यायचा तर फूटभर लागतो.
रेनो वीस पावलांवर एक भोक पाडून बघायचा.
एका जागी सगळं वजन टाकायचं नाही."
मुदतीआधी मोडली तर नव्वद दिवसांचं व्याज जाईल,
हे तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"आणि वरचे दोनशे दहा?"
"साध्या बचत खात्यात. कधीही काढा."
"हातचे," असं काहीसं ती
तिच्या आजीच्या भाषेत पुटपुटली.
निदान मला ते तसं ऐकू आलं.

सही करताना तिनं हातमोजे काढले.
शाळेच्या स्वयंपाकघरात भाजलेली बोटं,
अंगठी करंगळीत सरकवलेली.
जाताना एक कॅलेंडर मागून घेतलं,
तळ्याचा फोटो असलेलं नको म्हणाली.

पाच वाजता शटर ओढलं.
यादीतून अकरा नावं काढली.
पहिलं नाव अल्विन बेर्गस्ट्रॉम, काच बसवणारा,
येत्या वसंतात घर घ्यायचं म्हणत होता.

फोन लावला.
पलीकडे रिंग वाजत राहिली.
काय सांगायचं याचं पहिलं वाक्य
माझ्याकडे अजून नव्हतं.