गेट नंबर तीन

ग्रिम्सबी. गालिच्यांच्या दुकानावरची खोली,
सहा दिवस, सतरा माणसं, एक केटल.
शिकवायला मोरीन हॅक्स्बी. तुरुंगात नोकरी झालेली,
गुडघा दुखतो तरी उभीच:
हात दिसू देत. तळवे उघडे. आवाज खाली.
आणि चिडलेल्या माणसाची
बाहेर पडायची वाट कधी अडवू नका.

क्वाबेना दारुडा झाला, मी दारावरचा.
तो इतका खरा अडखळला
की थांब म्हणायचं सगळ्यांचंच राहून गेलं.
सुट्टीत सँडविच सोडवत म्हणाला, बापाची नक्कल केली.

वायरलेसवर नाव फोडून सांगायचं:
टँगो, युनिफॉर्म, लिमा, अल्फा, सिएरा,
किलो, अल्फा, रोमिओ.
तुळसकर एवढं लांब पसरलं
की मागे वळून बघावंसं वाटलं, संपलं का.

आमच्याकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला,
वेशीवर राखणदार असतो.
त्याला परवाना नाही, फोटो नाही, परीक्षा नाही.
रात्री काठी वाजते म्हणतात.
वर्षाला नारळ, मधूनच दगडावर एखादी विडी,
एवढ्यावर गाव बिनघोर.
‘राखणदार आसा मगे,’ म्हणत आई कडी न लावता झोपायची.

मी राखतो गोठलेला मासा.
उणे तेवीसमध्ये कॉड, हॅडक, पांढरे ठोकळे,
वासच नाही.
बिनवासाचा मासा म्हणजे
पंचांगातला पाऊस, पिळला तर थेंब नाही.

भिंतींत नऊ बटणं.
कांडी टेकवली की टिक्,
म्हणजे मी होतो.
न टेकवता फिरलो, तर नव्हतो.

तीन चाळीस. गेट तीन.
कुंपणाला टेकून एक पोरगा, हात खिशात,
हंबरवरून सुरीसारखा वारा.
सगळं आठवलं: तळवे, आवाज, अंतर.
कोण तू, असं विचारायचं होतं,
तोंडातून निघालं, ‘जेवलास?’
तेही मराठीत.
त्यानं मान वर केली.

थर्मासचं टोपण जाळीतून जाईना.
मग गेट वीतभर उघडलं.
हे मोरीनच्या वहीत नव्हतं.
चहा पिऊन टोपण त्यानं बाहीनं पुसून दिलं.
वहीत मी लिहिलं: ३.४०, गेट ३, विशेष काही नाही.

पुढच्या मंगळवारी
गेटाच्या खांबावर, खड्याखाली, एक सिगारेट.
भिजलेली.
मी ओढत नाही.
सापडलेल्या वस्तूंच्या रजिस्टरात नोंद केली:
सिगारेट, नग एक.
मालकाचा रकाना
बराच वेळ पेन धरून
मोकळाच ठेवला.