दोन जीबीची बांधी

लाखांदूरच्या पुढं, धानगिरणीच्या वजनकाट्यावर
मंसाराम दोनाडकरांचा संगणक
रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार दोनलाच उठतो.
आतला बटनसेल कधीचाच मेलाय.
मंसाराम आधी तारीख लावतात, मग उदबत्ती,
मग पहिला ट्रॅक्टर काट्यावर घेतात.

नवा का नाही? काट्याची वायर
फक्त याच्याच नऊ टाचण्यांच्या खाचेत बसते,
आणि पावतीचा प्रोग्राम लिहिणारा पोरगा
पुण्याला गेला. फोन उचलत नाही.

या हंगामात तीनदा पडदा निळा झाला.
तिन्ही वेळा मी बावीस किलोमीटर आले.
पेनड्राइव्हवरून याला उठता येत नाही,
सीडीच्या कप्प्यात कोंडा,
म्हणजे डिस्क काढा, माझ्या लॅपटॉपला लावा,
धानाच्या धुळीत शिंकत बसा.

म्हणून आज म्हटलं, हिच्यातच एक कोपरा काढू.
चाळीसातले दोन.
तेवढ्यात एक सडं लिनक्स मावतं:
खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत,
डिस्क तपासायची, फाइली बाहेर काढायच्या,
आणि सोबत चांगल्या दिवशीची
एक दाबून भरलेली प्रत.

"हिस्सा पाडता म्हना ना," मंसाराम म्हणाले.
"मंग मोजनी कोन करते?"
"मीच."
"अना सातबारा?"
"तो पहिल्याच खणात असतो. चार नावांपुरती जागा."
"चारच?
आमच्या बांधीवर सतरा हायेत."

जुना हिस्सा मागं सारायला त्रेपन्न मिनिटं.
मध्येच वीज गेली तर सगळंच गेलं,
म्हणून गिरणीचा इन्व्हर्टर मागून आणला.
बाहेर पाच ट्रॅक्टर तटलेले.
कुणी हॉर्न वाजवला की मंसाराम
खिडकीतून नुसता पंजा दाखवत,
आत कुणी बाळंत होतंय जसं.

झाल्यावर त्यांना एकच शंका:
दोन काढले, तर वजन उतरलं का?
मी हसले. ते हसले नाहीत.
कॅबिनेट उचलून त्यांनी
साठ टनी काट्याच्या मधोमध नेऊन ठेवलं.
लाल आकडे: शून्य.
"दहा किलोच्या खालच्याले हा वळखतच नाही,"
असं म्हणाले, थोडे ओशाळून,
काटा जणू त्यांचाच थोरला भाऊ.

कोपऱ्याला नाव द्यायचं होतं, अकरा अक्षरांच्या आत.
त्यांनी चिमणी सांगितलं.
पाखरू नाही, रॉकेलची.
आईच्या खोलीत अजून भरून ठेवतात म्हणे,
वात कापून.

आता चालू करताना पाच सेकंद
दोन ओळी दिसतात, वरची आपोआप निवडली जाते.
महिना झाला, फोन नाही.

काल सहज गेले तर पडदा काळा,
पांढरी अक्षरं, टोकाशी उघडमीट करणारी रेघ.
माझ्या पोटात गोळा.
"बिघडलं नाही काही," मंसाराम म्हणाले,
"पाहून घेतलं. हाय का तिथंच, म्हून."
आणि तारीख लावायला वळले.