उघडा जून

मे संपायच्या आत दोन दाढांना टोप्या बसवून घेतल्या
व्हर्ला कोस्किनेनने,
कारण दातांचं पुढे कुणी बघणार नाही.
पासष्टीनंतर सरकार गुडघा बघतं, डोळा बघतं, काळीजसुद्धा,
तोंडापाशी येऊन मात्र थांबतं.
गुडघ्याला तिने सांगितलं, जुलैपर्यंत कळ काढ.
मोतीबिंदूला, पिकत राहा, घाई नाही.

एकतीस मेला धक्क्यावरच्या ऑफिसात केक कापला,
किल्ल्या परत केल्या.
रात्री बाराला जुना विमा संपला.
नवा एक जुलैला.
मधल्या महिन्याचे नऊशे डॉलर मागत होते.
"तीस दिवस मी पडत नाही," ती म्हणाली.

मग डुलुथमधला तो अख्खा जून
काठोकाठ भरलेला कप नेतात तशी
ती स्वतःला घेऊन चालली.
ओली पायरी नको. गोठवलेलं चॉकलेट नको.
शेजारच्या कुत्र्याला लांबूनच हाक.
सरोवरावरून धुकं यायचं, तिला शिंक यायची,
आणि आर्ने कॅलेंडरकडे बघायचा.

सहा तारखेला पोर्चचा दिवा गेला.
शिडी गॅरेजात.
"राहू दे," दोघंही म्हणाले,
आणि चोवीस रात्री कुलूप चाचपत उघडलं.

तीस तारखेला जागेच राहिले, उगीच पत्ते पिसत.
बंदरात कुठल्याशा बोटीचा भोंगा झाला.
बारा वाजून दोन मिनिटांनी ती उठली.
"शिडी धर."

तिसऱ्या पायरीवर गुडघा कटकन वाजला.
"ऐकलं मी," आर्ने खालून म्हणाला.
"वाजू दे," ती बल्ब फिरवत म्हणाली,
"आता त्याचा महिना आहे."