बारा स्टुलं

सार्डिनची डोकी उडवायला मी तीन दिवसांत शिकले.
आबिलिओसाहेबाशी बोलायला नऊ वर्षं लागली.

माणूस वाईट नव्हता.
खिशात पेपरमिंट, ओठांवर प्रत्येकीचं नाव,
पोर्तोत मॅच असली की शिफ्टची शेवटची दहा मिनिटं माफ.
फक्त दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट
त्याच्या कानात शिरताना अंग चोरायची.

आम्ही उभ्यानं कापायचो.
भोंगा झाला, की होड्या आल्या;
होड्या आल्या, की आठ तास, कधी अकरा,
बर्फाच्या पाण्यात पाय आणि मिठात बोटं.

लुडोविना हिशोबाची पक्की.
तिनं चौकटीच्या कागदावर मांडून दिलं सगळं:
उभ्यानं किती डबे, बसून किती होतील,
दुपारी तीननंतर किती सुऱ्या बोटांवर घसरतात.
साहेबानं दोनदा वाचलं,
"अक्षर सुरेख आहे," म्हणाला,
आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला.

सेलेस्तनं त्याच्या टायची तारीफ केली.
पुढचा महिनाभर तोच टाय.

देओलिंदा काहीच बोलली नाही.
एका सोमवारी, सुरीला धार लावता लावता,
"साहेब, आईचे गुडघे कसे आहेत?"
त्याची आई याच कारखान्यात, चौथ्या टेबलाशी,
एकतीस वर्षं.
"आहेत," तो म्हणाला, आणि घड्याळ पाहिलं.

मंगळवारी नाही. बुधवारी नाही.
गुरुवारी ती म्हणाली, जशी माशांनाच सांगतेय,
"त्या उभ्या राहायच्या ती फरशी तशीच आहे अजून.
जराशी खोलगट झालीय.
माझे पाय बरोब्बर बसतात तिच्यात."

एवढंच.

दहा दिवसांनी साहेब मधोमध येऊन उभा राहिला,
घसा साफ केला.
"मी विचार केला," म्हणाला.

बारा स्टुलं. निळी. बंदरावरच्या दुकानातून,
पायांना अजून दोरीचे तुकडे.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
सगळ्यात थक्क झाली ती देओलिंदा.
मेलीनं तोंडावर हातसुद्धा ठेवला.

फाटकाबाहेर मी तिला गाठलं.
"त्याचा विचार? त्याचा? तुला राग नाही येत?"
तिनं रुमालाची गाठ घट्ट केली.
"बूड टेकलं ना तुझं?" म्हणाली.
मग, थोडं चालून गेल्यावर,
"काटा काढून द्यावा, वरून तेल सोडावं.
मग उतरतो गं मासा गळी."

आता काचेच्या केबिनमध्ये मी बसते.
पहिल्या दिवशी ड्रॉवर उघडला.
पेपरमिंटच्या चांद्यांखाली लुडोविनाचा कागद.
घड्यांवर फाटायला आलेला,
कडा तेलकट,
इतक्या वेळा उघडून मिटलेला
की मधले आकडे पुसून गेलेत.

बराच वेळ तो हातात धरून बसले.
देओलिंदा तोवर गेली होती.
कुणाला विचारणार?

काल झुलेयका दारात आली,
केप व्हर्देची, रात्रपाळीची, जेमतेम पंचवीसची.
हातात काही नाही. अर्ज नाही, तक्रार नाही.
"बाई, तुमची मुलगी लहान होती तेव्हा
तिला कुणाकडे ठेवायचा?"

ही सुरी मी ओळखते.
हिची धार कुठल्या दगडावर लागते तेही.
म्हणू शकले असते, पोरी, सरळ बोल,
पहाटे साडेपाचला हजेरीच्या मशीनजवळ
कोटांच्या ढिगावर झोपलेलं मूल
मीही पाहते रोज.
सरळ बोल, मी आबिलिओ नाही.

पण मी म्हटलं, "शेजारीण होती,"
आणि घड्याळ पाहिलं.

रात्रभर मात्र
मूल माझ्याच डोक्यात झोपून राहिलं.

आज सकाळी मधोमध जाऊन उभी राहिले.
पाळ्यांचा नवा तक्ता हातात.
घसा साफ केला.
"मी विचार के..."

झुलेयकानं तोंडावर हात ठेवला.