येतानाची तिकिटं

आदेश कन्नडमध्ये होता.
खानापूरच्या गटशिक्षण कार्यालयात क्लार्कनं तो सरकवला,
"ओदी सही माड्री."
शाळेत शिकलेली अक्षरं अजून जुळवता येतात मला,
अर्थ मात्र मागून, धापा टाकत येतो.
दोनच शब्द लगेच भेटले,
दोन्ही भाषांत तसेच्या तसे राहणारे:
अतिथी. तात्कालिक.

बाकीचं शिवलीला टीचरनी वाचून दाखवलं
दुपारच्या जेवणाचे तांदूळ निवडता निवडता.
कायम शिक्षक हजर होईपर्यंत
किंवा दहा एप्रिलपर्यंत,
यांतलं जे आधी घडेल ते.
मग आपल्या गदगच्या मराठीत म्हणाल्या,
"तुमी घाबरू नका. कायम कोण येतंय हितं, जंगलात?"
हा धीर होता की काय,
मी अजून ठरवलेलं नाही.

जांबोटीच्या पुढचा दुसरा थांबा.
खोल्या दोन, एक गळकी म्हणून बंद.
पहिली ते तिसरी भिंतीकडं तोंड करून,
चौथी-पाचवी खिडकीकडं,
मी मध्ये,
जिथं आधीच्या गुरुजींच्या खुर्चीनं
फरशीला चार खळगे पाडलेत.
मस्टरवर माझं नाव नाही.
माझी सही तांदळाच्या जुन्या वहीत,
ती निम्मी कोरी राहिली होती.

दारावरच्या फळ्यावर ऑइलपेंटनं
श्री. घाडी, श्री. देवलतकर, सौ. चोर्लेकर.
त्याखाली खडूनं
कु. मालिनी निलजकर.
रंगाला पैसे पडतात, कमिटीचे अध्यक्ष म्हणाले,
आणि ते खोटं नव्हतं.
इथल्या ओल्या हवेत खडू चार दिवस टिकत नाही.
तरी सोमवारी बघावं तर नाव पुन्हा ठळक.
कोण गिरवतं, मी विचारलं नाही.
'मालिनी'ची दुसरी वेलांटी दर वेळी ऱ्हस्व,
एरवी मी लाल शाई काढली असती.

लाल गाडीत बायकांना तिकीट शून्य रुपयाचं.
कंडक्टर तरी काढून देतोच, हिशेबाला.
येतानाची मी डब्यात टाकत गेले.
दिवाळी झाली, मानधन आलं नाही,
मणी आणायचे राहिले,
तेव्हा तोच डबा वर्गात नेला.
दहाचा गठ्ठा, शंभराला दोरा.
सातेरीनं मोजली: एकशे बारा.
फळ्यावर मांडलं,
एकशे बारा गुणिले शून्य.
तिनं शून्य लिहून खाली दोन रेघा ओढल्या.
मी बरोबरची खूण केली.

मागून रवळू उठला.
"शून्य कसं, टीचर?
खरं तुमी आलासा की एकशे बारा दिस."
मी म्हटलं, तो हिशेब वेगळा.
"कुठल्या वहीत?"

घंटा व्हायला सात मिनिटं होती.
मी स्वतःच जाऊन वाजवली.

दहा एप्रिल आला,
कायम कुणी आलं नाही.
प्रगतिपुस्तकांवर शिवलीला टीचरच्या सह्या,
माझ्यासाठी चौकट नव्हती.
'वाचन चांगले, गणितात घाई करतो'
हे तेवढं माझ्या अक्षरात.
त्यांनी शेंगांची चटणी बांधून दिली,
कागद दोनदा गुंडाळून, तेल लागू नये म्हणून.
"जूनला या. आदेश मागनं येतंय."
कुणाचा मागनं येईल, ते दोघींनी विचारलं नाही.

दार ओढून घेताना पाहिलं.
नावावर कुणीतरी खोक्याची रुंद चिकटपट्टी मारली होती,
तीन थर, आत हवेचे बुडबुडे.
बोट फिरवलं.
खडू बोटाला लागला नाही.
वेलांटी ऱ्हस्वच.

गाडीत कंडक्टरनं तिकीट दिलं.
डबा शाळेतच राहिला होता,
म्हणून ते जांबोटीपर्यंत मुठीत.
तिथं उतरताना लक्षात आलं,
जातानाची मी कधी साठवलीच नव्हती.